आवळा व हिरड्यांचे विकार : इतिहास

आवळा व हिरड्यांचे विकार : क जीवनसत्त्वाने (ॲस्कॉर्बिक अम्लाने) समृद्ध असलेली फळे व त्यांचे रस, काढे, चूर्णे आणि मुरंबे यांचा दात व हिरड्या यांच्या आरोग्यासाठी फार प्राचीन काळापासून उपयोग होत आला आहे. भारतात या फळांमध्ये आवळ्याला अग्रस्थान आहे. यूरोपात ते स्थान नारिंग व लिंबू यांच्याकडे गेले. या फळांच्या गुणांचे ज्ञान दोन हजार वर्षांत अनेकदा मिळाले, अनेकदा विस्मृतीत गेले आणि विसाव्या शतकात रसायनशास्त्राच्या आधारे पुन्हा प्रस्थापित झाले. महाराष्ट्राचा, विशेषतः मुंबईच्या उपनगरांनी व्यापलेल्या साष्टी बेटाचा व मुंबई बंदरातून परदेशी गेलेल्या मराठी सैनिकांचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे.

वनस्पती व तिचे स्थान : आवळ्याचे शास्त्रीय नाव फिलँथस एंब्लिका असे असून एंब्लिका ऑफिसिनॅलिस हे त्याचे जुने नावही प्रचारात आहे. पूर्वी त्याचा समावेश एरंड कुलात करीत. आता तो फिलँथेसी या स्वतंत्र कुलात केला जातो. संस्कृतात त्याला आमलकी व धात्री ही नावे आहेत. सह्याद्रीच्या पानझडी जंगलात तो रानटी अवस्थेत आढळतो. मुंबई उपनगरातील बोरिवली, मुलुंड व लगतचा ठाणे जिल्हा यांच्या दरम्यान सु. १०४ चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातही आवळा, बोर व करवंद यांची झाडे-झुडपे आहेत. बोरिवली हे गावाचे नाव बोरीच्या झाडांवरून पडले, असे सांगतात. कार्तिक महिन्यात आवळीच्या झाडाखाली बसून भोजन करण्याची चाल महाराष्ट्रात रूढ आहे. हंगामाच्या प्रारंभी या फळाचे महत्त्व समाजाच्या स्मरणात ठेवणारी ही प्रथा होय.

प्राचीन उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचे सविस्तर वर्गीकरण आढळते. त्यात दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांपैकी ‘शीताद’ या रोगात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते, त्या मऊ, काळसर व दुर्गंधियुक्त होतात आणि त्यांचे मांस झडू लागते, असे वर्णन आहे. काही आधुनिक अभ्यासकांनी हा रोग म्हणजे स्कर्व्ही असे मानले आहे. तथापि हिरड्यांच्या इतर तीव्र दाहांतही अशीच लक्षणे दिसतात आणि स्कर्व्हीत आढळणाऱ्या त्वचेखालील रक्तस्रावाचा व सांधेदुखीचा त्या वर्णनात उल्लेख नाही; त्यामुळे हे समीकरण निश्चित मानता येत नाही. शीतादावर रक्तमोक्षणानंतर सुंठ, मोहरी, त्रिफळा व नागरमोथा यांच्या काढ्याने गंडूष (गुळण्या) करण्यास सांगितले आहे. त्रिफळ्यात हिरडा व बेहडा यांच्याबरोबर आवळा असतो. म्हणजे आवळ्याचा येथील उपयोग स्थानिक व तुरट द्रव्य म्हणून आहे. चरकसंहितेत मात्र आवळा रसायन म्हणून, म्हणजे पोटात घ्यावयाचे बलवर्धक औषध म्हणून येतो. च्यवनप्राशाचा तो मुख्य घटक आहे. आवळ्याचे हे दोन उपयोग, एक तोंडात धरण्याचा व दुसरा सेवनाचा, परस्परांहून भिन्न आहेत. हा भेद पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

बौद्धांच्या विनयपिटकातील महावग्गात भिक्षूंना जवळ बाळगण्यास अनुज्ञा दिलेल्या औषधी फळांमध्ये हिरडा, बेहडा व आवळा यांचा उल्लेख आहे. चुल्लवग्गात दातवण न केल्याने होणारे तोटे व केल्याने होणारे लाभ सांगून भिक्षूंना दातवण वापरण्याची अनुज्ञा दिली आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस भारतात राहिलेल्या इत्सिंग या चिनी प्रवाशाने विहारांतील दातवणाच्या नित्यक्रमाचे वर्णन केले आहे. बोरिवलीजवळील कान्हेरी येथे सु. हजार वर्षे भिक्षुसंघाची वसती होती. तेथील शंभराहून अधिक लेणी व खडकात खोदलेली पाण्याची टाकी (पोढी) आजही पाहावयास मिळतात. विनयाचे हे नियम तेथील संघालाही लागू होते आणि ज्या फळाची त्यात अनुज्ञा आहे, ते भोवतालच्या रानात उपलब्ध होते. कान्हेरीच्या चैत्यगृहातील स्तंभशीर्षांवर आमलकाची आकृती कोरलेली आहे. पुढे मंदिरांच्या शिखरांवरही हीच आकृती रूढ झाली.

सागरी प्रवास व स्कर्व्ही : पंधराव्या शतकाच्या अखेरीस यूरोपीय जहाजे महिनोन्‌महिने किनारा न पाहता प्रवास करू लागली, तेव्हा स्कर्व्हीचे खरे उग्र स्वरूप प्रकट झाले. या इतिहासातील एक आरंभीचे प्रकरण गोव्याच्या दक्षिणेस असलेल्या अंजदीव बेटापासून सुरू होते. वास्को द गामाची जहाजे ५ ऑक्टोबर १४९८ रोजी तेथून परत निघाली व प्रतिकूल वारे आणि निवारे यांमुळे आफ्रिकेचा किनारा गाठण्यास त्यांना जवळजवळ तीन महिने लागले. प्रवासाच्या रोजनिशीत खलाशांच्या हिरड्या दातांवर वाढून त्यांना अन्न खाता येईना, अंगावर सूज आली व तीस माणसे दगावली, असे नमूद आहे. प्रत्येक जहाजावर काम करू शकणारे केवळ सातआठ जण उरले. जानेवारी १४९९ मध्ये मालिंदी येथे पोहोचताच आजाऱ्यांसाठी संत्री मागविण्यात आली. जातानाच्या प्रवासात या फळांचा गुण त्यांच्या अनुभवास आला होता. पुढे मनुष्यबळाअभावी एक जहाज जाळून टाकावे लागले.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात स्थायिक झाला होता व मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. भारतीय औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात हिरडा वर्गातील फळांवर स्वतंत्र संवाद असून आवळ्याचाही परामर्श घेतला आहे. तथापि खलाशांच्या हिरड्यांचा रोग व हे फळ यांचा संबंध जोडला गेला नाही. वैद्यांच्या पेटीतील फळ आणि जहाजावरील रोग एकाच बंदरात असूनही एकमेकांपासून दूर राहिले.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या १६०१ मधील पहिल्या सफरीत जेम्स लँकेस्टर याने आपल्या जहाजावरील माणसांना रोज सकाळी लिंबाचा रस दिला आणि इतर जहाजांच्या मानाने त्याचे जहाज निरोगी राहिले. हा अनुभवही नियम बनला नाही. जेम्स लिंड या नौदलातील शल्यचिकित्सकाने २० मे १७४७ रोजी ‘सॉल्झबरी’ या युद्धनौकेवर बारा रुग्णांचे सहा जोड्यांत विभाजन करून प्रत्येक जोडीवर वेगळा उपचार केला. सफरचंदाची मदिरा, विरल सल्फ्यूरिक अम्ल, व्हिनेगर, समुद्राचे पाणी, मसाल्यांचा लेह आणि दोन संत्री व एक लिंबू असे ते सहा उपचार होते. फळे मिळालेले दोघे सहा दिवसांत लक्षणीय रीत्या सुधारले. आंबट पदार्थाने स्कर्व्ही बरी होते, हा तत्कालीन समज या प्रयोगाने खोटा ठरला. कारण सल्फ्यूरिक अम्ल व व्हिनेगर यांचा उपयोग झाला नव्हता. लिंडचा ग्रंथ १७५३ मध्ये प्रसिद्ध झाला, परंतु ब्रिटिश नौदलाने लिंबाच्या रसाचा सार्वत्रिक वापर १७९५ मध्ये सुरू केला. रस टिकावा म्हणून तो आटवून त्याचा पाक करण्याची सूचना स्वतः लिंडनेच केली होती. उष्णतेने त्यातील गुणकारी घटक नष्ट होतो, हे त्यास ठाऊक नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नौदलाने भूमध्य सागरी प्रदेशातील लेमन या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधील लाइम या लहान लिंबाचा साठवलेला रस घेण्यास प्रारंभ केला. दोन्ही लिंबेच असल्याने कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. परंतु १८७५-७६ च्या आर्क्टिक मोहिमेत हा रस घेत असतानाही स्कर्व्ही उद्‌भवली.

कुत-अल-अमाराचा वेढा : या चुकीची मोठी किंमत पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिकांना मोजावी लागली. सहावी (पुणे) डिव्हिजन ऑक्टोबर १९१४ पासून मुंबई बंदरातून इराणच्या आखाताकडे रवाना झाली. १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी तीत होत्या. बगदादच्या दिशेने गेलेले हे सैन्य टेसिफॉनच्या लढाईनंतर मागे हटून तैग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमारा या गावी आले. तेथे तुर्की सैन्याने त्यास ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पतकरावी लागली.

वेढ्यातील वैद्यकीय अधिकारी पॅट्रिक हेहीर यांच्या नोंदींतून आहारविषयक एक विलक्षण वस्तुस्थिती पुढे आली. एकाच गावात, एकाच वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश सैनिकांना बेरीबेरी झाली, तर भारतीयांना स्कर्व्ही. ब्रिटिशांना पांढऱ्या पिठाचा पाव मिळे, त्यात ब जीवनसत्त्व कमी होते. मात्र ते घोड्याचे ताजे मांस खात व त्यातील अल्पस्वल्प क जीवनसत्त्वाने ते स्कर्व्हीपासून बचावले. भारतीयांच्या शिध्यात कोंड्यासह आटा व डाळ असल्याने ते बेरीबेरीपासून सुरक्षित राहिले; परंतु धार्मिक भावनेमुळे त्यांनी दीर्घकाळ घोड्याचे मांस नाकारले आणि ताजी भाजी वा फळे जवळजवळ नव्हतीच. हिरड्या सुजणे, दात हलणे, जुन्या जखमा न भरणे व पाय आखडणे ही लक्षणे त्यांच्यात दिसू लागली. अखेरच्या आठवड्यांत धर्मगुरूंकडून अनुज्ञा मिळवून अनेकांनी मांस खाण्यास सुरुवात केली, परंतु तोवर उशीर झाला होता. वेढ्याबाहेरील भारतीय फौजांतही त्याच वर्षी स्कर्व्हीने हजारो सैनिक निकामी झाले. मेसोपोटेमिया आयोगाच्या १९१७ च्या अहवालात मोहिमेच्या वैद्यकीय व पुरवठा व्यवस्थेवर कठोर टीका करण्यात आली. ११७ व्या मराठा पलटणीस युद्धातील कामगिरीबद्दल पुढे ‘रॉयल’ हा बहुमान मिळाला.

दोष सैनिकांच्या सोवळ्याओवळ्याचा होता, असे म्हणणे सोपे आहे. पण ते अपुरे आहे. शिधा ठरविताना गहू, डाळ, तूप व गूळ यांचे वजन काटेकोरपणे मोजले गेले. आहारात ताजेपणालाही मूल्य असते, ही गोष्ट हिशेबात आली नाही. या सैनिकांच्या घरी आवळ्याचे लोणचे, हिरवी मिरची, कोथिंबीर व मोड आलेल्या कडधान्यांची उसळ हे नित्याचे पदार्थ होते. पलटणीच्या कोठीत त्यांना ‘तोंडीलावणे’ म्हणून स्थान नव्हते.

प्रयोगशाळेतील शोध : नॉर्वेतील होल्स्ट व फ्रलिख यांनी १९०७ मध्ये गिनीपिग या प्राण्यात आहाराद्वारे स्कर्व्ही निर्माण करून दाखविली. माणसाप्रमाणेच या प्राण्याच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, हे नंतर कळले. फ्यूर्स्ट यांनी १९१२ मध्ये सुक्या कडधान्यांत नसलेला स्कर्व्हीरोधक गुण ती भिजवून मोड आणल्यावर उत्पन्न होतो, असे दाखविले. महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील हॅरिएट चिक व त्यांच्या सहकारी संशोधिकांनी साठवलेला लाइमचा रस जवळजवळ निरुपयोगी असल्याचे सिद्ध केले आणि सैन्यासाठी मोड आलेल्या कडधान्यांची शिफारस केली. महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात मटकीला व मुगाला मोड आणण्याची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिचे शास्त्रीय समर्थन अशा रीतीने युद्धाच्या निमित्ताने झाले.

हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बेर्ट सेंट-द्यर्दी यांनी १९२८ मध्ये एक अम्लधर्मी पदार्थ अलग केला. तोच क जीवनसत्त्व होय, हे १९३२ मध्ये त्यांनी, तसेच अमेरिकेत किंग यांनी, दाखविले. १९३३ मध्ये त्याचे संश्लेषण झाले. १९३७ मध्ये सेंट-द्यर्दी यांना वैद्यकाचे व हॉवर्थ यांना (कारर यांच्यासमवेत) रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत देशी अन्नपदार्थांचे पृथक्करण करण्यात आले. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलविण्यात आली व राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. या पृथक्करणात आवळ्याचे प्राचीन माहात्म्य अंकांत व्यक्त झाले. १९४० च्या सुमारास हिस्सार (आता हरियाणा राज्यात) येथील दुष्काळात स्कर्व्ही पसरली, तेव्हा आवळ्याच्या चूर्णाचा तीवर यशस्वी उपयोग करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठीही सुक्या आवळ्याचे पदार्थ तयार करण्यात आले. कुत येथे जे सुचले नाही, ते एका पिढीनंतर अमलात आले.

जीवनसत्त्वाचे प्रमाण : पूर्वीच्या कोष्टकांत १०० ग्रॅ. आवळ्यात ६०० मिग्रॅ. क जीवनसत्त्व दिलेले आढळते. २०१७ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत हा आकडा अडीचशे मिग्रॅ.च्या आसपास आहे. मापनाची पद्धत, जात व पक्वता यांनुसार असा फरक पडतो. तरीही प्रौढ पुरुषास प्रतिदिनी ८० मिग्रॅ. व स्त्रीस ६५ मिग्रॅ. ही भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०२० मधील शिफारस पाहता एक मध्यम आवळा दिवसाची गरज भागविण्यास पुरेसा ठरतो. पेरूचे प्रमाण सु. २०० मिग्रॅ. असून तो आंबट नसतो. याउलट अत्यंत आंबट अशा चिंचेच्या गरात हे जीवनसत्त्व नाममात्र असते. म्हणून आंबटपणा ही त्याची खूण नव्हे. मुरंबा व च्यवनप्राश करताना उष्णतेने त्याचा बराचसा नाश होतो. आवळ्यातील टॅनिन द्रव्यांमुळे तो काहीसा रोखला जातो, असे मानतात.

कार्यपद्धती : हिरड्या व दातांना हाडाशी जखडणारे तंतू मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे बनलेले असतात. या प्रथिनातील प्रोलीन व लायसीन या ॲमिनो अम्लांवर हायड्रॉक्सिल गट जोडला जाण्यासाठी क जीवनसत्त्व आवश्यक असते. तो न जोडला गेल्यास कोलॅजेनचा तिपेडी गोफ स्थिर राहत नाही. दातांभोवतीच्या या तंतूंची झीज व नवनिर्मिती शरीरात इतरत्र होते त्याहून जलद चालते. म्हणून जीवनसत्त्वाच्या अभावाचा परिणाम तेथे ठळकपणे दिसतो. दात नसलेल्या व्यक्तींत स्कर्व्ही असूनही हिरड्या सहसा सुजत नाहीत. इंग्लंडमधील शेफील्ड येथे १९४४-४६ मध्ये स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात क जीवनसत्त्वरहित आहारावर लक्षणे दिसण्यास काही महिने लागले व प्रतिदिनी केवळ १० मिग्रॅ. मात्रेने ती नाहीशी झाली.

आधुनिक दृष्टिकोन : मुंबईत १९३३ मध्ये सुरू झालेले व पुढे महानगरपालिकेने चालविलेले नायर रुग्णालय दंत महाविद्यालय यासारख्या संस्थांमुळे दंतवैद्यक शास्त्र म्हणून रुजले, तसतसा हिरड्यांच्या रोगाचा निराळा पैलू पुढे आला. डेन्मार्कमधील लो व त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. दोन-तीन आठवड्यांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला व स्वच्छता पुन्हा सुरू करताच तो ओसरला. त्यांच्या आहारात कोणताही बदल केलेला नव्हता. आज हिरड्यांतून रक्त येण्याचे नेहमीचे कारण स्कर्व्ही नसून दातांवर साचणारा जंतूंचा थर हे होय. ज्याच्या आहारात हे जीवनसत्त्व पुरेसे आहे, त्याने अधिक आवळे खाल्ल्याने हा थर निघत नाही. सुश्रुताने सांगितलेल्या त्रिफळ्याच्या गुळण्यांचा थरावर काही परिणाम होतो, असे एकविसाव्या शतकातील काही लहान व अल्पकालीन चाचण्यांत दिसून आले आहे. परंतु त्या दातांच्या यांत्रिक स्वच्छतेची जागा घेऊ शकत नाहीत.

लिंबाचा रस दातांवर चोळून ते पांढरे करण्याचा उपाय तर अपायकारक आहे. तोंडातील अम्लता पीएच ५.५ च्या खाली गेली असता दाताचे एनॅमल विरघळू लागते, आणि लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ असतो. आंबट फळे खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी व अर्धा तास तरी दात घासू नयेत. महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांमध्ये, दातांना लावण्यात येणारी मशेरी ही भाजलेल्या तंबाखूची पूड असून दंतमंजन म्हणून ती वापरणे घातक आहे; तिने व्यसन जडते व हिरड्यांची हानी होते. धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरात क जीवनसत्त्वही अधिक खर्ची पडते. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी घालण्यात आली. मशेरीची सवय मात्र घरगुती असल्याने तिचे निर्मूलन मुख्यत्वे लोकशिक्षणावर अवलंबून आहे.

स्कर्व्ही आज दुर्मिळ असली, तरी नाहीशी झालेली नाही. एकटे राहणारे वृद्ध, मद्यासक्त व्यक्ती, दात पडल्याने फळे टाळणारे रुग्ण आणि अतिशय मर्यादित आहारावर वाढणारी मुले यांच्यात ती आढळते, आणि विस्मृतीत गेल्यामुळेच तिचे निदान उशिरा होते. घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवली येथील स्थानकांबाहेर थंडीच्या दिवसांत मिठाच्या पाण्यातील आवळे व पेरूच्या फोडी अल्प किंमतीत मिळतात. त्यांतील एखादे फळ नित्य खाणे हा या रोगाचा संपूर्ण प्रतिबंध होय. लँकेस्टरपासून कुतपर्यंतचा इतिहास पाहता उपाय सापडणे हे अर्धेच कार्य ठरते. तो ज्याला हवा त्याच्या शिध्यात पोहोचणे, हे उरलेले अर्धे.

पहा : आयुर्वेद, आवळा, कान्हेरी, जीवनसत्त्वे, त्रिफळा, दंतवैद्यक, पोषण.